बाळ, बॅलन्स आणि अकराशे नव्वदचा डबा

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द हल्ली फेसवॉशपासून ग्रीन टीपर्यंत सगळीकडे भेटतो. पण पोटात बाळ वाढत असताना या शब्दाचा नेमका अर्थ काय? बजाजनगरच्या एका किचन ओट्यावर पडलेला हा प्रश्न आम्हाला थेट लंडन, नागपूर, पुणे, मुंबई असा फिरवून पुन्हा घरी घेऊन आला. तेही अगदी वेळेवर!

रविवारची सकाळ. बजाजनगरमधल्या ताईच्या वन बीएचकेमध्ये मी ओट्याला टेकून उभी आहे. खाली कुणीतरी आठवडाभराची धूळ बसलेली बाइक धुतोय. दाजींची नाइट शिफ्ट आत्ताच संपलीय, त्यामुळे ते सोफ्यावर अर्धे झोपेत आहेत. आणि ताई? ती मिक्सरमध्ये दुधात एक जांभळट पावडर फिरवतेय.

“हे काय गं?”

“अँटिऑक्सिडंट! प्रेग्नन्सी स्पेशल आहे. घेतलं की बीपी वाढत नाही.”

“कुणी सांगितलं?”

ताईने मोबाइलकडे बोट दाखवलं. एका रीलमध्ये कुणी गोड मुलगी सांगत होती, पोट दिसायला लागायच्या आत सुरू करा, नाहीतर उशीर होईल. मी डबा उलटा करून बघितला. पंधरा दिवसांचा डबा, किंमत अकराशे नव्वद रुपये. ताईला तेव्हा अकरावा आठवडा चालू होता. ती वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे हिशेब तिनेच करून दिला. डिलिव्हरीपर्यंत चौदा डबे, म्हणजे १६,६६० रुपये. वर दूध आपलंच.

आता खरं सांगायचं तर ताईला हसण्यात अर्थ नव्हता. बजाजनगर कसं वसलं ते तुम्हाला माहीतच असेल. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग छोट्यामोठ्या कंपन्या आल्या आणि बीड, जालना, परभणीपासून विदर्भापर्यंतची पोरं इथे भाड्याच्या खोल्या घेऊन राहू लागली. पुढे त्यांचे संसार झाले. घर झालं, पाळणाही हलला. पण आजी, काकू, मावशी राहिल्या गावाकडे. मग पहिल्या बाळंतपणात रात्री अकरा वाजता मनात शंका आली, तर विचारायचं कुणाला? मोबाइल हाताशीच असतो!

मास कॉमला असताना आमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती. दावा दिसला की विचारायचं, हे कशावरून? म्हटलं, चला, या वेळी बातमीसाठी नाही तर ताईसाठी विचारू या.

गंज म्हणजे काय रे भाऊ?

सुरुवात सोफ्यावरूनच झाली. दाजी प्लेटिंगच्या एका छोट्या युनिटमध्ये सुपरवायझर आहेत. नट-बोल्ट, क्लॅम्प असल्या पार्ट्सवर जस्ताचा थर चढवणं हे त्यांचं काम. मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं, “ऑक्सिडेशन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणं...” तेवढ्यात त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, “गंजच ना?”

अगदी तेच! लोखंडाला ऑक्सिजन भेटला की गंज चढतो. आपल्या शरीरातही प्रत्येक पेशीत ऑक्सिजन वापरून अन्नाचं इंधन जाळलं जातं. पेशीतलं हे इंजिन म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. इंजिन चाललं की थोडा धूर निघणारच. ऑक्सिजनचे काही अर्धवट, आगाऊ रेणू बाहेर पडतात. त्यांनाच म्हणतात फ्री रॅडिकल्स आणि त्यांची भावंडं. ते शेजारच्या चरबीचे, प्रथिनांचे, डीएनएचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात. त्यांना आवरण्याची शरीराची ताकद कमी पडली की त्या अवस्थेला म्हणायचं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी या नावाची व्याख्या मांडली ती १९८५ मध्ये. म्हणजे वाळूजचा प्लांट आणि हा शब्द एकाच वयाचे म्हणायचे!

आणि अँटिऑक्सिडंट? “जस्त कसं,” दाजी आता उठून बसले होते, “स्वतः गंजतं आणि लोखंडाला वाचवतं.” उदाहरण परफेक्ट आहे. क आणि ई ही जीवनसत्त्वं अशीच स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन टाकतात आणि पेशीला वाचवतात. इतकंच काय, ई जीवनसत्त्व खर्ची पडलं की क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामावर उभं करतं. सॉलिड टीमवर्क!

पण आपला खरा बंदोबस्त बाहेरून येतच नाही. शरीर स्वतःच एन्झाइम बनवतं. त्यांची नावं जड आहेत, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. त्यांना लागणारे सुटे भाग मात्र साधे. जस्त, तांबं, मँगनीज, लोह, सेलेनियम. हे सगळं आपल्या धान्या-डाळींत, भाज्यांत, अंड्यात थोडं थोडं असतं.

अजून एक गंमत. हे आगाऊ रेणू नुसते व्हिलन नाहीत. पांढऱ्या पेशी त्यांचाच मारा करून जंतू मारतात. पेशी वाढवायच्या कधी, थांबवायच्या कधी, याचे निरोपही ते पोचवतात. म्हणजे सगळा धूर बंद करायचा तर इंजिनच बंद पडायचं!

अकराव्या आठवड्यात आत काय चाललेलं असतं?

हे वाचताना मात्र मी खरंच गप्प झाले. कारण ताईचा अकरावा आठवडाच चालू होता.

आपल्याला वाटतं, बाळाला पहिल्या दिवसापासून भरपूर ऑक्सिजन लागत असेल. तर नाही! पहिल्या काही आठवड्यांत वारेच्या, म्हणजे प्लॅसेंटाच्या पेशी आईच्या गर्भाशयातल्या रक्तवाहिन्यांची तोंडं चक्क बूच लावल्यासारखी बंद ठेवतात. इवल्या गर्भाकडे अजून अँटिऑक्सिडंट एन्झाइमची फौज तयार नसते. जास्त ऑक्सिजन त्याला झेपणारच नाही. मग साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही बुचं हळूहळू निघतात आणि आईचं रक्त वारेत खेळू लागतं. एरिक जॉनिओ आणि ग्रॅहम बर्टन यांच्या संशोधक गटाने २००० साली हे मोजून दाखवलं. वारेतला ऑक्सिजनचा दाब आठव्या आठवड्यात २० मिलिमीटरच्याही खाली होता, तो बाराव्या आठवड्यापर्यंत ५० च्या वर गेला. त्या वाढीबरोबर वारेत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची एक लाट येते. आणि त्याच सुमाराला एन्झाइमची फौजही वाढत जाते.

थांबा, हे पुन्हा एकदा वाचा. अगदी निरोगी, नॉर्मल गर्भारपणात ही लाट येतेच! तो आजार नाही, तर वार मोठी होण्याच्या प्रवासातलं ते एक स्टेशन आहे.

पुढेही कारभार जोरातच असतो. आईचं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं. शरीर आधीपेक्षा साधारण २० टक्के जास्त ऑक्सिजन वापरतं. रक्तातली चरबी वाढते, म्हणजे गंजायला माल जास्त. पण त्या चरबीबरोबरच तिच्यातून फिरणारं ई जीवनसत्त्वही वाढतं. एक पारडं खाली गेलं की शरीर दुसऱ्यात वजन टाकतं. म्हणूनच हा ‘झीरो स्ट्रेस’चा नाही, बॅलन्सचा खेळ आहे.

हा बॅलन्स बिघडतो तेव्हा काय होतं? त्यातला सगळ्यात ओळखीचा प्रकार म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया. वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर जातं. त्यासोबत लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात किंवा लिव्हर, किडनी, रक्तातल्या प्लेटलेट यांच्यावर परिणाम दिसतो. यातल्या बऱ्याच केसेसमध्ये, विशेषतः लवकर सुरू होणाऱ्या, वारेला रक्त देणाऱ्या वाहिन्या पुरेशा रुंद झालेल्या नसतात. रक्त धक्क्याधक्क्याने येतं, ऑक्सिजन वर-खाली होतो आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हाताबाहेर जातो. हे पुढे वाढलं तर आईला झटके येतात. गावाकडे आजही हाच शब्द वापरतात, ‘झटके’.

म्हणजे रीलमधल्या त्या मुलीचं अर्धं बरोबर होतं. बीपीचा आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा संबंध आहे. प्रश्न उरतो तो उरलेल्या अर्ध्याचा. डबा घेतला की तो थांबतो का?

नागपूरचं उत्तर

हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होताच. १९९९ मध्ये लंडनमध्ये ल्यूसी चॅपेल, ल्युसिला पॉस्टन आणि सहकाऱ्यांनी धोका जास्त असलेल्या २८३ गर्भवतींवर ट्रायल केली. अर्ध्या जणींना रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व, उरलेल्यांना खोटी गोळी. निकाल भन्नाट होता. खोट्या गोळीवर असलेल्या १७ टक्के जणींना प्री-एक्लॅम्प्सिया झाला, जीवनसत्त्वं घेणाऱ्यांत फक्त ८ टक्के. जगभर आनंदीआनंद!

गोष्ट इथेच संपली असती तर मी ताईला स्वतः चौदा डबे आणून दिले असते. पण चांगलं विज्ञान एका निकालावर थांबत नाही. २००६ मध्ये पॉस्टन यांच्याच टीमने तोच प्रयोग मोठा करून पाहिला. या वेळी होत्या तब्बल २,४१० महिला. प्री-एक्लॅम्प्सिया एका गटात १५ टक्के, दुसऱ्यात १६. म्हणजे फरक नाहीच. उलट जीवनसत्त्वं घेणाऱ्या गटात कमी वजनाची बाळं जास्त निघाली, २४ टक्क्यांऐवजी २८.

तरीही कुणी म्हणेल, गोऱ्या बायकांचं खाणंपिणं चांगलं असतं, त्यांना काय फरक पडणार? आपल्याकडे बघा! नेमकं हेच जागतिक आरोग्य संघटनेच्या मनात आलं. त्यांनी पोषण कमी असलेल्या भागांतल्या, जास्त धोक्याच्या १,३६५ गर्भवती निवडल्या. पेरू, दक्षिण आफ्रिका, व्हिएतनाम आणि... आपलं नागपूर! हो, विदर्भातल्या आयांनीही या प्रश्नाचं उत्तर द्यायला हातभार लावलाय. २००९ मध्ये निकाल आला. प्री-एक्लॅम्प्सिया कमी झाला नाही आणि कमी वजनाच्या बाळांचं प्रमाणही बदललं नाही.

मग २०१० मध्ये अमेरिकेतून दहा हजारांहून जास्त पहिलटकरणींचा निकाल आला. ताईसारख्याच, पहिल्यांदा आई होणाऱ्या. गोळ्या नवव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरू केलेल्या. उत्तर तेच. शेवटी २०१६ च्या गाइडलाइन्समध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच लिहिलं की गरोदरपणात क आणि ई जीवनसत्त्वांच्या जादा गोळ्यांची शिफारस नाही.

असं का झालं असावं? संशोधक काही शक्यता सांगतात. वारेतला बिघाड खूप लवकर सुरू होतो, गोळी उशिरा पोचते. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे आजाराचं मूळ नसून मधला टप्पा असेल. शिवाय काही रेणू निरोप्याचं काम करतात, त्यांनाही आपण गप्प करून टाकतो.

दाजींनी मात्र याचं उत्तर एका वाक्यात दिलं. “मुलामा जाड केला म्हणजे बोल्ट चांगला झाला असं नसतं. जास्त चढला की आट्यात नटच बसत नाही, सगळा लॉट रिजेक्ट!”

एक गैरसमज लगेच दूर करते. डॉक्टरांनी लिहून दिलेली फॉलिक अॅसिड, लोह, कॅल्शियम किंवा मल्टिव्हिटॅमिनची गोळी वेगळी. ती गरोदरपणातली गरज बघून दिलेली असते, ती बंद करायची नाही. आपण बोलतोय ते जाहिरात बघून स्वतःच सुरू केलेल्या जबरी डोसबद्दल.

पुण्याचं ताट, मुंबईचा समोसा

मग बॅलन्ससाठी करायचं काय? इथे आपल्या महाराष्ट्राने जगाला दोन मस्त अभ्यास दिलेत.

पहिला पुण्याजवळच्या सहा खेड्यांतला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात गर्भवतींच्या ताटात काय असतं ते नोंदवलं आणि पुढे बाळांची वजनं घेतली. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी २००१ मध्ये ७९७ मातांचा हिशेब मांडला. बाळांचं सरासरी वजन होतं २,६६५ ग्रॅम. आश्चर्य म्हणजे आईने एकूण किती कॅलरी किंवा किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो तीन साध्या गोष्टींशी. अठराव्या आठवड्यात दूध, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात हिरव्या पालेभाज्या आणि फळं. ज्या आया हे जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं आकाराने मोठी होती.

पण संबंध म्हणजे कारण नव्हे. म्हणून दुसरा अभ्यास झाला मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, २००६ ते २०१२ या काळात. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी साडेसहा हजार महिलांना दोन गटांत वाटलं. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला समोशासारखा चमचमीत स्नॅक, दुसऱ्याला बटाटा-कांद्याचा. तोही गरोदर राहण्याच्या आधीपासून!

निकाल प्रामाणिकपणे सांगते. सगळ्या जणी मिळून बघितलं तर बाळाच्या वजनात ठोस फरक पडला नाही. मात्र दिवस राहण्याआधी निदान तीन महिने स्नॅक सुरू झालेल्या आयांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने वजनदार निघाली. आणि गरोदरपणातली शुगर? हिरवा स्नॅक खाणाऱ्यांत ७.३ टक्के, बटाटावाल्यांत १२.४ टक्के. आता या स्नॅकमध्ये नुसती अँटिऑक्सिडंट नव्हती. फोलेट होतं, बी-१२ होतं, कॅल्शियम होतं. आणि मुद्दा तोच तर आहे. पालकाच्या जुडीत हे सगळं एकत्र येतं. त्यातली एक गोष्ट उचलून कॅप्सूलमध्ये भरली की ती जादू तिथे राहतेच असं नाही.

आणि आपल्याकडे कमी आहे का काही? आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार गर्भवतीला रोज ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. १०० ग्रॅमच्या एका पेरूत त्याच्या दुपटीहून जास्त असतं. त्या ट्रायलमधला डोस बघा, गरजेच्या बारा पटींहून जास्त! ई जीवनसत्त्व शेंगदाण्यात आणि करडईच्या तेलात. म्हणजे मराठवाड्यातल्या कुठल्याही घरातल्या फळीवर. जालन्याच्या मोसंबीला तर जीआय टॅगच आहे. मेथी, शेपू, तांदुळजा, अंबाडी, करडईचा पाला... सीझनप्रमाणे जी जुडी ताजी मिळेल ती घ्यायची, वाहत्या पाण्यात नीट धुवायची आणि भाजीवर वरून लिंबू पिळायचं. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर. त्या लिंबामुळे भाजीतलं लोहही अंगी लागतं. कॅन्टीनमध्ये जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो.

घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तर त्यांना पहिल्यांदा बाहेर काढा. सिगारेटला. आणि ऐकत नसतील तर माणसालाही! तंबाखूचा धूर, मिश्री, हे सगळं थेट चुकीच्या पारड्यात पडतं. डब्याच्या जाहिरातीत हे कधी सांगत नाहीत, कारण ते फुकट आहे.

एक विसरलेलं वाक्य

आता या गोष्टीतला खरा भाग.

हे सगळं वाचून झाल्यावर मी ताईला विचारलं, “पण तुला बीपीचंच टेन्शन का आलं? तुझं तर नॉर्मल आहे.”

ताई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आईला झटके आले होते ना, माझ्या वेळेला.”

मला हे माहीतच नव्हतं! संध्याकाळी गावाकडे मावशीला फोन लावला. आधी तिने टाळलं. मग हळूहळू सांगितलं. आठवा महिना होता. दोन दिवस डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. उन्हामुळे असेल म्हणून पडून राहिली. रात्री झटके आले. गावातल्या जीपमध्ये घालून तिला घाटीत आणलं. दोघी वाचल्या.

“डॉक्टरला सांगितलं का हे ताईने?” मी विचारलं.

“सांगायची काय गोष्ट आहे का बाई ती? शुभ कामात जुनं कशाला उकरायचं?”

आणि ताईनेही सांगितलं नव्हतं. फाइलवर फॅमिली हिस्टरीचा रकाना होता, त्यात तिने लिहिलं होतं ‘वडील - शुगर’. बस. मनातली भीती तिने डॉक्टरांपुढे ठेवली नाही, पण तिच्यावर अकराशे नव्वद रुपये खर्च केले. विचार केला तर आपण सगळेच असं करतो, नाही? जे बोलायला अवघड, त्याच्या जागी काहीतरी विकत आणतो.

आईला प्री-एक्लॅम्प्सिया झालेला असेल तर लेकीचा धोका वाढतो. त्यातून पहिली खेप. तेराव्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटला मी सोबत गेले. ताईने ते एक वाक्य सांगितलं. डॉक्टर मॅडमनी पेन खाली ठेवलं, पुन्हा नीट विचारलं आणि म्हणाल्या, “बरं झालं, वेळेत सांगितलंत.” मग त्यांनी तपासण्या करून कमी डोसची अॅस्पिरिन सुरू केली. हा उपाय सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केला तर जास्त उपयोगी ठरतो. २०१७ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये धोका जास्त असलेल्या महिलांत, मुदतीआधी बाळंत व्हायला लावणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सियाचं प्रमाण अॅस्पिरिनने ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं होतं. अर्थात ही गोळी प्रत्येकीसाठी नाही. कुणाला द्यायची, किती द्यायची, हे फक्त डॉक्टर ठरवणार. प्लीज, हे वाचून मेडिकलमध्ये जाऊ नका!

डब्याबद्दलही विचारलं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, “त्या पैशात पेरू खा आणि घरी बीपीचं मशीन घ्या.”

मशीन आलं. दाजी शिफ्टवरून आले की पहिलं काम तेच. ताई पाच मिनिटं शांत बसते, हात टेबलावर ठेवते, मग मशीन लागतं. फ्रिजवर वही लटकलीय, कंपनीतल्या रजिस्टरसारखे तारीख, वेळ, आकडा असे कॉलम पाडलेली.

आज पस्तिसावा आठवडा आहे. कालची नोंद ११८/७६. मावशी गावाहून येऊन राहिलीय आणि सोसायटीतल्या प्रत्येक गरोदर पोरीला स्वतःहून सांगतेय, “मला झटके आले होते. तुझ्या आईला विचारून घे बाई.” जी गोष्ट इतकी वर्षं तोंडातून निघाली नाही, ती आता जिन्यात थांबवून थांबवून!

तो जांभळा डबाही अजून ओट्यावरच आहे. त्यात आता मावशीने केलेली शेंगदाण्याची चटणी असते. दाजी भाकरीवर घेताना न चुकता म्हणतात, “व्हिटॅमिन ई!”

लक्षात ठेवा गं!

• पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा: आईला किंवा बहिणीला गरोदरपणात बीपी, झटके, शुगर काही झालं होतं का. माहीत नसेल तर आजच फोन करून विचारा.

• प्रत्येक तपासणीत बीपी आणि लघवीची टेस्ट हवीच. ‘बरं वाटतंय’ हे तपासणी चुकवण्याचं कारण नाही. बीपी वाढलेलं असतानाही बरं वाटू शकतं.

• बीपी १४०/९० किंवा जास्त, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक सूज... यातलं काहीही दिसलं तर उद्याची वाट न बघता लगेच दवाखाना. अँब्युलन्ससाठी १०८.

• देशातल्या निम्म्याहून जास्त गर्भवतींना अॅनिमिया आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा ५२.२ टक्के. त्यामुळे लोहाची गोळी ‘उष्ण पडते’ म्हणून सोडू नका. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी मात्र घेऊ नका, मध्ये अंतर ठेवा.

• दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून सुरू आहे.

• रोज एक पालेभाजी, एक फळ, दूध किंवा दही, मूठभर शेंगदाणे. प्लॅनिंग करत असाल तर आत्तापासूनच!

• कुठलाही डबा, पावडर, काढा घेण्याआधी तो डॉक्टरांना दाखवा. रील नाही, डबा!